उजवी पाकळी

माझ्या नातीनं मागच्या हिवाळ्यात एका रविवारी जेवताना सांगितलं की विदर्भातल्या एका निवासी शाळेत तिला नोकरी मिळाली आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. शिक्षण तिनं त्याचंच घेतलेलं, पण आम्ही धरून चाललो होतो की ती इथंच शहरात कुठंतरी लागेल. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात पाच माणसं: मी, माझी धाकटी बहीण, मुलगा, सून आणि ही एकुलती नात. बायको जाऊन बारा वर्षं झाली. बहिणीनं लग्न केलं नाही. घरात सगळे तिला आत्या म्हणतात, नातसुद्धा.

मुलानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आपल्यात देवीला विचारल्याशिवाय कोणी लांब जात नाही. मंगळवारी गावाकडं जाऊ. आबा कौल लावतील."

मी वरणात भाकरी कुस्करत होतो. तिचा पार लगदा झाला तरी कुस्करत राहिलो. मान वर केली असती तर माझं तोंड सगळ्यांनी बघितलं असतं.

मी का घाबरलो हे सांगायचं तर आधी आमचा कौल सांगावा लागेल. आमचं गाव सिल्लोडच्या पुढं. गावाबाहेर आमच्या कुळाच्या देवीचं लहानसं देऊळ आहे. आत मूर्ती नाही, शेंदूर माखलेला गोल दगड आहे आणि त्याला चांदीचे डोळे बसवलेले. मागं जास्वंदीचं झाड. घरात मोठी गोष्ट ठरायची असली की जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या डोळ्यांखाली लावायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. देवीची उजवी, आपली नव्हे. मग हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. कधी दोन मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. तेवढ्या वेळात कोणी बोलायचं नाही. पाकळ्या लावणारा हात घरातल्या एकाच माणसाचा असतो. आधी वडिलांचा होता. त्यांचं उजवं अंग लुळं पडल्यावर तो मान माझ्याकडं आला. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

त्या रविवारी संध्याकाळी नात माझ्याजवळ गच्चीत येऊन बसली.

"आबा, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"मला तिथं जायचंय. लई जायचंय. ते इतकं आतून येतंय की वाटतं, हे देवानंच माझ्यात घातलंय. पण मग मला पाणीपुरी पण आतूनच हवी असते." ती स्वतःच हसली. "मला हवं आहे म्हणून ते देवाचं वाटतंय, का देवाचं आहे म्हणून हवंय? कसं ओळखायचं?"

मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. पोरांचे प्रश्न टोलवायची मला सवय आहे. म्हणालो, "मंगळवारी देवी सांगेल की."

"तुमचा हात आहे म्हणून मला काळजी नाही," ती म्हणाली. "आत्या म्हणते, आबांच्या हातानं देवी खरंच बोलते."

ती खाली गेली. मी उठू शकलो नाही.

आता आत्याचं सांगतो. तेच सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आई आमच्या लहानपणीच गेली. मला शहरात मास्तरकी लागली, लग्न झालं, एक खोली भाड्यानं घेतली. गावात वडील आणि ही. वडिलांना झटका आला त्याच वर्षी ती मॅट्रिक झाली आणि तिनं नर्सिंगच्या शिक्षणाचा अर्ज भरला. कोणी भरून दिला, कुणास ठाऊक. बोलावणं आलं तेव्हाच आम्हाला कळलं. मी गावाकडं गेलो तर ती आडावर पाणी शेंदत होती.

"दादा, मला देवीचा दृष्टांत झालाय," ती म्हणाली. "देवीनं माझ्या ओटीत पांढरं कापड टाकलं. म्हणली, धू. मी धुत व्हते, धुत व्हते, ते संपतच नव्हतं. मला लई भ्या वाटलं. पण सोडून पळावं असं नाय वाटलं."

वडील ओसरीत बाजेवर पडलेले. तोंड वाकडं झालं होतं, तरी बोलणं समजायचं. ते म्हणाले, "पांढरं चांगलं नसतं, माय. देवीला विचारून घ्या." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ही गेली तर मला तुझ्याकडं ने रे. कोपऱ्यात पडून राहीन."

खोली एकच होती हे खरं. बायको नवी होती हेही खरं. पण ती मला म्हणाली होती, "घेऊन या मामांना, करू कसंतरी." हे मी आजपर्यंत मुलालाही सांगितलेलं नाही. न्यायचं नव्हतं मला. शहरात मला कोणी लुळ्या बापाचा मुलगा म्हणून ओळखत नव्हतं. शाळेतून सुटलो की मी क्रांती चौकात मित्रांबरोबर चहा प्यायचो, आणि ते मला जगातल्या सगळ्या गोष्टींहून प्रिय होतं. लहान हाव होती. ती एवढी लहान होती, याचीच मला आता जास्त लाज वाटते.

मंगळवारी देवळात गेलो. वडिलांना बैलगाडीतून नेलं होतं. बहिणीनं नवं लुगडं नेसलं होतं. मी झाडाच्या दोन पाकळ्या काढल्या.

जास्वंदीच्या पाकळीचा देठाकडचा भाग चुरडला की त्यातून चिकट रस येतो. लहानपणी शाळेत जाता-येता आम्ही त्या रसानं पाकळ्या कपाळाला चिकटवायचो, त्या घरी येईपर्यंत पडायच्या नाहीत. ही युक्ती मला बहिणीनंच दाखवली होती. कौलाची पाकळी म्हणूनच फक्त पाण्यात बुडवायची असते, तिला नख लागू द्यायचं नसतं.

मी उजव्या पाकळीला अंगठ्याचं नख लावलं. एकदाच, हलकेच. मग ती देवीच्या गालावर दाबली. डावी नुसती पाण्यानं लावली.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते नकळत झालं. हात ओला होता, पाकळी निसटत होती, म्हणून नख लागलं. हे खोटं आहे. मला माहीत होतं. फक्त त्या क्षणी मी मनात म्हणत होतो, "आई, तुझ्या मनात असेल तेच होऊ दे." एकीकडं नख आणि एकीकडं ही प्रार्थना, दोन्ही एकाच वेळी चालू होतं, आणि प्रार्थनाही खोटी वाटत नव्हती. मला आजही जास्त भीती वाटते ती त्या प्रार्थनेची.

डावी पाकळी लगेच पडली. उजवी आम्ही निघालो तरी तिथंच होती. वडिलांनी चांगला हात कपाळाला लावला. बहीण देवीपुढं आडवी झाली आणि म्हणाली, "चुकलं माझं, आई."

वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले. नऊ वर्षं तिनं त्यांचं सगळं केलं. मी महिन्यातून एकदा जायचो आणि येताना तुरीची डाळ घेऊन यायचो. ते गेल्यावर ती आमच्याकडं आली, माझा मुलगा वाढवला, बायकोचं आजारपण काढलं. स्थळं आली, तेव्हा म्हणाली, "मला काही मागायचं नाय." मी समजत होतो की तिचा स्वभावच तसा शांत आहे.

तो स्वभाव नाही, हे मला साड्यांच्या दुकानात कळलं. मुलाचं लग्न ठरलं होतं. मी तिला क्रांती चौकाजवळच्या दुकानात नेलं आणि म्हणालो, तुला आवडेल ती घे. दुकानदारानं तीस-चाळीस साड्या उलगडल्या. ती एकीला हात लावायची आणि चटका बसल्यासारखा मागं घ्यायची. शेवटी दुकानदार म्हणाला, "अम्मा, पसंद तो बोलो. अल्ला कसम, देखने के पैसे नहीं लेता." ती हसली नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "तूच सांग रे दादा. मला आवडलेलं खरं नसतंय."

मी एक निळी साडी घेतली. मला तेव्हा समजलं होतं. तरी गप्प राहिलो, आणखी सव्वीस वर्षं.

दर मंगळवारी ती घरातल्या देव्हाऱ्यात दिवा लावते. लावताना पुटपुटते, "चुकलं माझं." भिंतीपलीकडं माझी खोली आहे. मंगळवारी सकाळी मी रेडिओ मोठा लावतो.

तर नातीचा कौल. रविवार गेला, सोमवार गेला. त्या मंगळवारी सुनेला सुट्टी मिळाली नाही म्हणून जाणं पुढच्या मंगळवारावर गेलं. मला हायसं वाटलं आणि लगेच भीती वाढली, कारण आता मध्ये आठ दिवस होते आणि मी काय करणार ते मलाच कळत नव्हतं. नात गेलेली मला नको होती. माझ्या गोळ्या तीच देते. संध्याकाळी पेपरमधलं तीच वाचून दाखवते. बाकीचे माझ्याशी बोलतात ते गोळ्यांबद्दल किंवा लाइटबिलाबद्दल. ती सोडली तर मला कोणी काही विचारतही नाही. म्हणजे चोपन्न वर्षांपूर्वी होतं तेच होतं. मला एक गोष्ट हवी होती, दुसऱ्या माणसाला दुसरी हवी होती, आणि पाकळ्या माझ्या हातात येणार होत्या. मी बसल्या बसल्या अंगठ्याचं नख बघायचो. बुधवारी ते मुळापर्यंत कापलं. रक्त आलं.

गुरुवारी दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळा लागला आणि देवी दिसली. आमच्या जिन्यात पायरीवर बसली होती. तेच चांदीचे डोळे. मी खाली उतरू शकत नव्हतो, कारण तिला ओलांडावं लागलं असतं. ती म्हणाली, "पोरीला पाठवू नको. आहे ते बरं चाललंय, उगीच कशाला."

जागा झालो तेव्हा सदरा घामानं भिजला होता. आणि खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. दृष्टांत झाला. आता नख लावायची गरज नाही, कौलाचीही नाही, सरळ सांगून टाकावं. घरात सगळे मानतील. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून नातीचा आवाज आला. ती फोनवर माझी नक्कल करत होती, आईला हसवायला. "नवा मिक्सर? आहे तो बरा चालतोय, उगीच कशाला."

मी तोंड मिटलं. ते वाक्य माझं आहे. आयुष्यभर मी त्यानंच प्रत्येक गोष्ट अडवली. मुलाची मोटारसायकल अडवली, बायकोचं बहिणीकडं जाणं अडवलं, भिंतीचा रंगसुद्धा अडवला. देवी माझ्या तोंडचं कशी बोलली?

त्या दुपारी मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. देवी रागावेल, शिक्षा करेल ही भीती जुनीच होती. तिच्याबरोबर मी जगायला शिकलो होतो. ही नवी होती. आजवर मी जिला देवी म्हणून हात जोडले, तिच्या जागी किती वेळा मीच बसलेलो असेन, याचा मला काही पत्ता नव्हता. आणि खरी देवी कधी बोलली असेल तर ती मी ऐकली का, हेही माहीत नव्हतं.

मग मला आडावरची बहीण आठवली. तिच्या स्वप्नातल्या देवीनं तिलाच कामाला लावलं होतं. कापड धू म्हणाली होती, आणि ते संपत नव्हतं. ती घाबरली होती आणि तरी तिला तिथंच थांबावंसं वाटलं होतं. माझ्या स्वप्नातली देवी दुसऱ्याकडून काहीतरी काढून घेत होती आणि मला खुर्चीत बसवून ठेवत होती. यावरून नक्की काही ओळखता येतं असं मी म्हणत नाही. मी कोणी साधू नाही. पण मला त्या दिवशी तेवढंच दिसलं.

शुक्रवारी सकाळी मुलगा-सून कामावर गेले, नात कुठंतरी बाहेर होती. आत्या स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर पाट घेऊन बसलो. गुडघे दुखतात म्हणून मी कधी खाली बसत नाही.

"काय झालं? बीपी वाढलंय का?" ती म्हणाली.

"मंगळवारी मी कौल लावणार नाही."

"कामून?"

"तुझ्या वेळी मी उजव्या पाकळीला नख लावलं होतं."

तिचे हात थांबले. पुढं काही सांगावंच लागलं नाही. ती युक्ती तिचीच होती.

"कोणतं नख?" तिनं विचारलं.

मी अंगठा पुढं केला. तिनं तो बघितला, बराच वेळ. मुळापर्यंत कापलेला, वर खपली धरलेली. मग एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे टोपल्यात न टाकता तशीच हातात धरून बसली.

"जास्वंदीचा चीक," ती म्हणाली. "मीच शिकवला व्हता तुला."

"व्हय."

"आबाला माहीत व्हतं?" आमच्या वडिलांना ती आबा म्हणायची.

"नाही. कोणालाच नाही."

मी वाट बघत होतो. ती रडेल, ओरडेल, शेंगांचं टोपलं फेकून मारेल. काहीही चाललं असतं. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नर्स नाय झाले त्याचं जाऊ दे. त्या वेळी किती जणींना काय काय करायचं व्हतं. पण मी दर मंगळवारी कशाची माफी मागत व्हते रे? मला वाटलं, मी माझंच मनातलं देवीच्या नावावर खपवलं. म्हणून मग आतून काही आलं की मी ते खोटंच धरलं. साडी आवडली तरी. भूक लागली तरी, कधी कधी."

मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो. तिनं पाय आत घेतले.

"नको," ती म्हणाली. "मला सध्या काय वाटतंय ते मला समजू दे. लई दिवसांनी समजायला लागलंय."

त्यानंतर ती आपणहून माझ्याशी बोलली नाही. सोमवारी मी मुलाला, सुनेला आणि नातीला समोर बसवून सगळं सांगितलं, दुपारचं स्वप्नही. मुलगा उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "आबा, हे तुम्ही आत्ता सांगताय?" एवढंच म्हणाला. सुनेनं आत्याचा हात धरून ठेवला होता. नात माझ्याकडं अशी बघत होती जसं कोणी ओळखीच्या घरात चुकीच्या दारातून शिरावं आणि मग काहीच ओळखू येऊ नये.

"मग मी कसं ठरवू?" ती शेवटी म्हणाली.

आत्यानं उत्तर दिलं. "तिथं गेल्यावर काय काय करावं लागंल ते सांग बरं. सगळं सांग. अवघड ते आधी."

नात सांगू लागली. लहान पोरं रडतात तेव्हा आवाज वेगळा येतो. रात्री दिवा घालवला की त्यांना बोलता येत नाही, कारण हात दिसत नाहीत, म्हणून ती घाबरतात. पगार थोडा आहे. आत्या मध्ये मध्ये विचारत होती. तासभर चाललं. शेवटी आत्यानं विचारलं, "हे ऐकून बी जायचंय?"

"हो."

"मग जा. देवीच्या पाया पडून जा, पण विचारू नको."

देवळात गेलो तेव्हा मी बाहेरच थांबलो. आत जायला धजलो नाही. अजून गेलेलो नाही.

नात जानेवारीत जायची होती. चार दिवस आधी आत्यानं जाहीर केलं की तीही महिनाभर सोबत जाणार. शाळेत लहान मुलांच्या वसतिगृहाला बाईमाणूस हवं होतं, नातीनं फोनवर विचारून घेतलं होतं. मुलगा म्हणाला, आत्या, बहात्तर वय आहे तुझं, तिथली थंडी बघ. ती म्हणाली, "बघते की, जाऊनच बघते."

निघायच्या दिवशी गाडी खाली उभी होती. ती माझ्या खोलीच्या दारात आली. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच ती आपणहून माझ्याशी बोलत होती.

"दादा, तुला काय वाटतं? जाऊ का?"

माझ्या मनात वीस कारणं तयार होती. तिचे गुडघे, थंडी, मुलाची गैरसोय. सगळी खरी होती आणि कुठलंही देवीच्या नावानं सांगता आलं असतं.

"मला नको वाटतं," मी म्हणालो. "तू नसलीस की मला या घरात भीती वाटेल. हे माझं वाटणं आहे. देवीच्या मनात काय आहे, मला माहीत नाही."

ती दाराला धरून उभी राहिली.

"तेव्हा बी एवढंच म्हणला असता," ती म्हणाली, "तर मी राहिले असते रे. आपल्या खुशीनं राहिले असते."

मुलानं बॅग घ्यायला हात पुढं केला. तिनं दिली नाही. स्वतः उचलून, एकेक पायरी जपून, ती खाली उतरत गेली.